चिंचोक्याएवढा रहाट

मुखेडला आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. पुढची खोली म्हणजे बापूंचा कारखाना, मागची खोली म्हणजे मायचा स्वयंपाक, आणि मधल्या उंबरठ्यावर दोन्हीकडचा धूर एकमेकांत मिसळायचा. भाकरीला भट्टीचा वास आणि बापूंच्या सदऱ्याला येसर आमटीचा. आम्ही ओतारी. पितळ वितळवायचं आणि घुंगरं, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, देवळातल्या समया ओतायच्या. पोळा जवळ आला की गावोगावची माणसं दारात बसून राहायची. मी अंथरुणात असतानाच नुसत्या आवाजावरून ओळखायची की बापू काय करून राहिलेत. जाड कानस चालली की घंटेच्या कडा घासणं चाललंय, बारीक कानस चालली की घुंगराचं तोंड साफ करणं. बारीक कानशीचा आवाज मला फार आवडायचा. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी तो आवाज हळूहळू कमी होत गेला आणि एका सकाळी माझ्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांत तो ऐकलाच नाही.

बापूंच्या डोळ्यांत सारा पडत होता. मोतीबिंदू हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. उजेड कमी हाय, ढग आलेत, धूर लई झालाय, असं बापू म्हणायचे, आणि माय आणि मी हाव म्हणायचो. बाहेर मात्र खरं आभाळ निरभ्र असायचं. मी अठरा वर्षांची होते. दहावी झाल्यावर शाळा सुटली होती, आणि लहानपणापासून मेण मळता मळता मला बापूंचं सगळं काम येत होतं. मेणाचा नमुना करायचा, त्याच्यावर चाळलेली माती आणि शेणाचा लेप द्यायचा, वाळवायचा, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत पितळ ओतायचं. मोठं ओतकाम बापू अंदाजानं करायचे. पितळ कधी ओतायचं ते त्यांना रंगापेक्षा वासावरून आणि आवाजावरून जास्त कळायचं. नाजूक काम केव्हा माझ्याकडे आलं ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी एखादं घुंगरू माझ्यापुढं सरकवलं असेल, मी घासून परत दिलं असेल. मग दोन सरकवली असतील.

पण हे घराबाहेर जाता कामा नये, हे न बोलता ठरलेलं होतं. ओतारी आंधळा झाला हे एकदा बाजारात पसरलं की पोळ्याची गिऱ्हाइकं थेट नांदेडची वाट धरणार. शिवाय मी भट्टीजवळ बसते हे कळलं असतं तर मला बघायला येणाऱ्यांनी काय म्हटलं असतं, ही मायची काळजी वेगळीच. कुणी दारात आलं की मी हातातली कानस खाली ठेवून मागं सरकायची, आणि बापू ती उचलायचे. एकदा होकर्ण्याच्या एका माणसानं घंटा हातात फिरवून विचारलं, “मामा, हे भोक दिसलं न्हाई काय?” बापू हसले, म्हणाले, “तुमच्यासाठी दुसरी काढून ठेवलीय, ती घ्या.” त्या दिवशी जेवताना मायनं त्यांना दुसरी भाकरी विचारली नाही.

सूर्यवंशी काका आम्हाला भेटले ते आठवडी बाजारात. मूळचे लातूरचे, पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईला गोदीच्या वर्कशॉपमध्ये काढली होती. आता परत येऊन लातूरला ते लाकडाची छोटी जहाजं करायचे. मोठमोठ्या कचेऱ्यांत काचेच्या पेटीत ठेवतात तसली, खऱ्या जहाजाची हुबेहूब नक्कल. कुणाच्या तरी लग्नाला मुखेडला आले होते आणि सहज बाजारात फिरताना आमच्या दुकानापुढं थांबले. लहान लेकरांच्या वाळ्यांतलं, मोहरीपेक्षा जरासं मोठं घुंगरू त्यांनी तळहातावर घेतलं, खिशातून भिंग काढलं आणि बराच वेळ बघत राहिले.

“हे कुणी केलं?” त्यांनी विचारलं.

मी बापूंच्या मागंच बसले होते. ते घुंगरू मी केलं होतं. बापूंनी समोरच्या घंटा सारख्या केल्या. मग म्हणाले, “म्याच.”

मला वाईट वाटलं नाही, हे मी आज खरं सांगते. उलट आपण पकडले गेलो नाही म्हणून बरं वाटलं. पुढच्या सगळ्या धास्तीचं मूळ त्या एका शब्दात होतं हे कळायला मला दोन महिने लागले.

पुढच्या आठवड्यात काका घरी आले. पिशवीतून त्यांनी एक पत्र्याची डबी काढली. आत कापसावर एकेक नमुना ठेवलेला होता, आणि जहाजासाठी हे सगळं त्यांना पितळेत ओतून हवं होतं. बोटाच्या पेराएवढा नांगर, कठड्याचे सुईएवढे खांब, दोर बांधायचे खुंट, ज्वारीच्या दाण्याएवढ्या कप्प्या. नांगर म्हटल्यावर माय आतून डोकावली आणि बघून हसायला लागली. शेजारच्या गंगाराम मामांना तर पुढं कित्येक दिवस तोच विषय पुरला. “जहाजाला नांगर? पाण्यात काय पेरतेत ओ?” बापू नांदेडला गुरुद्वाऱ्यात जेवून आलेले, त्यांना लंगर म्हणजे पंगत एवढंच ठाऊक. काकांनी नांगराला लंगरही म्हणतात असं सांगितल्यावर त्यांचा गोंधळ आणखी वाढला. आमच्यापैकी समुद्र कुणी पाहिला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढं पाणी म्हणून यायचं ते पाझर तलावाचं, तेही उन्हाळ्यात निम्मं.

डबीत मधोमध एक चिंचोक्याएवढी वस्तू होती. काका तिला उभा रहाट म्हणाले, आम्हाला कळावं म्हणून. नांगराची साखळी वर ओढायला जहाजावर असा उभा रहाट असतो, त्याच्या डोक्यावर चहूबाजूंनी खाचा, खाचांत दांडे घालून माणसं गोल फिरतात. त्यांनी हे सांगितलं तेव्हा नळाला पाणी आलं म्हणून मी घागर घेऊन बाहेर गेले. परत आले तेव्हा काका चहा संपवून उठत होते आणि बापू मान हलवून म्हणत होते, “हाव हाव, ध्यानात ठेवतो.” काय ध्यानात ठेवायचं ते मी विचारलं नाही.

काम सुरू झालं. दारं लोटून, फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात मी दिवसभर बसायची. कप्पीला भोक पाडताना श्वास रोखायची सवय लागली ती आजही आहे. सुईत दोरा ओवताना सून हसते मला, म्हणते, आई, श्वास घ्या. सोबतीला भाता ओढायला बापू असायचे, आणि प्रत्येक नमुना बोटांत धरून चाचपत राहायचे. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून ते बोटांनी बघायचे. मधूनच म्हणायचे, “शकू, हा खांब खाली जाड हाय गं जरासा,” आणि खरंच असायचा.

एक एक करत सगळं झालं. फक्त उभा रहाट उरला. नमुन्यावरून मी मेणाचं माप घेणार, तर त्याची खालची चकती हलत होती. मधली खीळ सैल झाली असावी. बापू बाजाराला गेले होते. माझ्या मनात आलं, एवढं जोडून द्यावं. काकांना नमुनाही दुरुस्त करून मिळेल, ते खूश होतील. कबूल करते, खूश झालेले काका बापूंना काय म्हणतील तेही मी मनात रंगवून ठेवलं होतं. टाकणखार लावला, सांध्यावर डाख, म्हणजे जोडायचा धातू ठेवला, दिव्याची ज्योत फुंकणीनं त्याच्यावर वळवली. पितळ तापलं की आधी काळवंडतं, मग लालसर होतं, आणि मग डाख पाण्यासारखा पळतो. मी त्या लालीची वाट बघत राहिले. लाली आलीच नाही. जळक्या रंगाचा वास आला आणि रहाट एका बाजूनं बसला, उन्हात ठेवलेल्या गुळाच्या खड्यासारखा. मी फुंकणी टाकली. तोवर त्याच्या खाचा एकमेकींत मिसळल्या होत्या आणि विटेवर एक चकचकीत थेंब पडला होता.

तो पितळेचा नव्हताच. शिसं-कथिलाचा ओतलेला आणि वरून पितळेसारखा रंगवलेला होता.

मी उठून मायकडे गेले. ती भाकरी थापत होती. मी वीट तिच्यापुढं धरली. तिनं बघितलं, भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि मगच विचारलं, “दुसरा हाय का त्यांच्याकडं?” मी म्हटलं, ठाऊक न्हाई. ती भाकरी दोन्ही बाजूंनी करपली, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

बापू आले ते दुपारी. मी सांगितलं. ते ओसरीवरच बसले, पायातली चप्पलही काढली नाही. “त्यांनी सांगितलं होतं मला,” ते म्हणाले. “हे पितळ न्हाई, जाळाजवळ नेऊ नका. त्यांच्या उस्तादानं केलेला हाय, उस्ताद वारले, दुसरा न्हाई म्हणाले. तुला सांगायचं इसरलो म्या.”

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“आपण नवा करू,” ते म्हणाले. “आन् लातूरला मी सांगीन, माझ्या हातून झालं म्हणून. तू गप राह्यचं. शकू, ऐकलं का? तू तोंड उघडायचं न्हाई.”

काम लातूरला पोचवायला चार दिवस हातात होते. मी रहाट रोज बघत होते, तरी आता आठवायला गेले की आकार निसटायचा. खाचा दहा होत्या की बारा? कंबर किती बारीक होती? पण बापूंच्या बोटांना सगळं पाठ होतं. मी मेणाचा नमुना करायची, ते डोळे मिटून दोन बोटांत फिरवायचे. “कंबर आणखी बारीक. डोकं जरासं पुढं आलेलं होतं. न्हाई, एवढं न्हाई. खाचा बारा, म्या मोजल्यात.” सहा नमुने मोडले. त्या चार दिवसांत मला अन्न गोड लागलं नाही. सायकलची घंटा वाजली तरी काका आले असं वाटून मी हातातलं मेण झाकायची. मायनं माझ्यासाठी मुद्दाम वरणफळं केली, तीही गिळवेनात. सातवा नमुना बापूंनी फिरवला, फिरवला, आणि माझ्या हातात परत दिला. “ओत,” म्हणाले. पितळेचा रहाट उतरला तो चांगला उतरला. तरी मला तो बघवत नव्हता.

लातूरची एसटी जांब, शिरूर ताजबंद, चाकूर करत जायची. डबी माझ्या मांडीवर होती आणि रुमालाच्या गाठीत तो वितळलेला गोळा. वाटेत मी मनातल्या मनात एकच हिशेब मांडत होते. खरं सांगितलं तर बापूंचे डोळे उघडे पडतात. गप्प बसले तर माझी चूक बापूंच्या अंगावर जाते. कुठूनही गेलं तरी मधे बापूच होते. बापू शेजारी ताठ बसले होते आणि सरावासारखं पुटपुटत होते, “माझ्या हातून झालं साहेब, माझ्या हातून झालं.”

काकांचं घर लहान आणि विलक्षण नीटनेटकं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टेबलावर अर्धवट झालेलं जहाज, हातभर लांब, सागवानी, डोलकाठ्या अजून उघड्या. मी आयुष्यात पाहिलेलं पहिलं जहाज ते. काकूंनी चुरमुऱ्यांचा सुशीला आणून ठेवला, वर शेंगदाणे, लिंबाची फोड. कुणी हात लावला नाही. काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक वस्तू कापडावर मांडू लागले. नांगर. खांब. कप्प्या. “वा लिंबाजीराव,” ते म्हणाले. “वा. गोदीत असतात तर तुम्हाला सोडलं नसतं आम्ही.” बापू मान खाली घालून बसले होते.

मग त्यांनी उभा रहाट उचलला. भिंगापर्यंत नेलाच नाही. तळहातावर एकदा वर-खाली केला, वजन कळलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

“हा उस्तादांचा नाही.”

“माझ्या हातून झालं साहेब,” बापू म्हणाले. “जाळाजवळ गेला. वितळला.”

काकांनी आवाज चढवला नाही, पण तो कोरडा पडला होता. “मी तुम्हाला बजावून सांगितलं होतं. तुम्ही हाव म्हणालात. तीस वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली काढली, त्याच्या हातची एवढी एकच वस्तू होती माझ्याकडे. तुम्हाला सांगितलं होतं ना?”

“हाव साहेब.”

“मग इतका निष्काळजीपणा?”

ज्या माणसानं आयुष्यात एक मूस फुटू दिली नव्हती, तो निष्काळजी हा शब्द ऐकून घेत होता. काकांनी रहाट आता भिंगाखाली धरला, आणि त्यांच्यातला कारागीर रागाच्या वर आला असावा. “बरं, हा केलात कसा? खाचा ओतल्यात की नंतर कानशीनं काढल्यात? ही सातवी खाच बघा, ही थोडी तिरकी आहे. मुद्दाम आहे की चुकली?” आणि त्यांनी रहाट आणि भिंग दोन्ही बापूंच्या हातात दिलं.

बापूंनी भिंग डोळ्याला लावलं. ते उलटं धरलं होतं. मूठ डोळ्यापाशी, काच खाली. बापू तसेच बघत राहिले, दिसत असल्यासारखे, आणि त्यांचा अंगठा हळूच खाचांवरून फिरायला लागला, सातवी शोधत.

मला ते सहन झालं नाही. मी काही ठरवलं होतं असं नाही. “बापूंना दिसत न्हाई काका,” मी म्हणाले. “बारीक काम मी करते. खाचा मी काढल्यात, सातवी माझीच चुकली. आन् तुमचा रहाट पण मीच वितळवला, बापू तर घरी नव्हते. पण ह्याचा आकार बापूंचा हाय. त्यांनी बोटांनी सांगितला, म्हणून झाला.” मी रुमालाची गाठ सोडून गोळा टेबलावर ठेवला.

बापूंनी भिंग खाली ठेवलं, फार हळू, फुटेल की काय असं. मग उठले आणि चाचपडत बाहेर अंगणात गेले.

काकांनी तो गोळा उचलला, बराच वेळ मुठीत धरला. मला वाटलं ते आम्हाला हाकलतील. ते म्हणाले, “त्या दिवशी बाजारातलं घुंगरू?” मी म्हटलं, “मीच.” “मग तेव्हा तू का नाही बोललीस?” मी रिकाम्या रुमालाची घडी घालत राहिले. त्यांनी बाकीच्या वस्तू ठेवून घेतल्या. पितळेचा रहाट माझ्या हातावर परत दिला. “हा घेऊन जा. आज मला तो बघवायचा नाही.” मग दाराशी जाऊन त्यांनी बाहेर बघितलं. बापू कडुलिंबाला पाठ लावून बसले होते. काका त्यांच्या शेजारी जाऊन बसले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बापूंनी दोनदा मान हलवली एवढं दिसलं.

परतीच्या गाडीत चाकूर मागं पडलं. मग बापू खिडकीकडं तोंड करूनच म्हणाले, “खरं बोललीस. पण त्या माणसापुढं मला आंधळा केलंस.” मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही, आणि उठून दुसरीकडे बसलेही नाहीत. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे. तरी त्या वाक्याला काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला अजून सापडलेलं नाही. बोलायला हवं होतं हे नक्की. तसंच, त्याच खोलीत, परक्या माणसापुढं बोलायला हवं होतं का, हे नक्की नाही.

महिन्याभरानं एक पोस्टकार्ड आलं. पत्त्यावर बापूंचं नाव नव्हतं. ‘कु. शकुंतला लिंबाजी’ असं लिहिलेलं. माझ्या नावानं आलेलं ते पहिलं पत्र. काकांनी लिहिलं होतं की जहाज रहाटावाचून अडून बसलंय, तो पाठवून द्यावा, सातवी खाच नीट करून. पुढं एका मालवाहू जहाजाचं काम आहे, ते जमेल का ते कळवावं. आणि शेवटी दोन ओळी बापूंसाठी होत्या. नांदेडला डोळ्यांचं शिबिर लागतंय, वडिलांना घेऊन ये, मी तिथं थांबतो. मी ते बापूंना वाचून दाखवलं. मोतीबिंदू हा शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा बोलला गेला, आणि तोही बापूंनीच. “मोतीबिंदू काढतेत व्हय तिथं?” त्यांनी विचारलं.

काका खरंच थांबले होते. दवाखान्याच्या बाकावर दिवसभर माझ्याशेजारी बसले, घरून आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी मला अर्धी दिली. माझ्या मनात सारखं येत होतं की काही वाईट झालं तर ह्याचं कारण मी. त्यांना ते दिसलं असावं. म्हणाले, “चूक झाली की माणूस दोन कामं करतो. एक तर झाकतो, नाही तर दुसऱ्या सगळ्या गोष्टींचा दोष स्वतःवर घेत सुटतो. तू ह्यातलं काही करू नको. भाकरी खा.”

पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा आला. घरी आल्यावर बापूंनी कुणाशी काही न बोलता माझं काम मागितलं. मालवाहू जहाजाच्या कप्प्या झालेल्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून उन्हात धरल्या. माझं काम ते पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होते. माय चुलीपुढं थांबली होती, मी भिंतीला टेकून. त्यांना कुठली तरी उणीव दिसेल, ते आता म्हणतील, आता म्हणतील, असं वाटत मी उभी राहिले. त्यांनी कप्प्या कापसावर परत ठेवल्या आणि काहीच म्हणाले नाहीत. जेवले, पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी आपली फळी घेऊन दाराआड बसले. खिडकीजवळची जागा बापूंची होती. ते गावाला गेले तरी आम्ही तिथं बसत नसू, माय झाडून काढायची तीही हात लांब करून. बापू आले, आपल्या जागेपाशी थांबले, तिथलं पोतं उचलून झटकलं आणि परत अंथरलं. मग भात्याजवळ जाऊन बसले.

“तिकडं अंधारात काय करून राहिलीस?” ते म्हणाले. “ऊठ. उजेड इकडं हाय.”